चिठ्ठीवर नाव कोणाचे? : संग्रहालयातील कलावस्तूंचे वाचन

संग्रहालयातील प्रत्येक वस्तूजवळ एक लहानशी चिठ्ठी असते. वस्तूचे नाव, काळ, स्थळ, धातू किंवा माती, आणि अनेकदा देणगीदाराचे नाव, एवढे तिच्यावर असते. सहलीला गेलेले विद्यार्थी ती वहीत उतरवून पुढे सरकतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तेथे दोन साधने आहेत असे समजावे. वस्तू कारागिराने घडविली आहे, चिठ्ठी संग्राहकाने लिहिली आहे, आणि दोहोंच्या मध्ये बरेच काही घडून गेलेले असते.

आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्या बीदरची बिदरी कला जगभरच्या संग्रहालयांत पोहोचली आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून मातीच्या साच्यात सुरई, पानदान किंवा हुक्क्याचे बूड ओततात. ते कानशीने घासून त्यावर मोरचुदाचे पाणी लावतात, म्हणजे पृष्ठभाग काळसर होऊन कोरायची नक्षी स्पष्ट दिसते. छिन्नीने कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवितात. अखेरीस बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळेभोर होते, चांदी मात्र पांढरीच राहते. ही माती कोणती आणि लेप किती वेळ चोळायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या हातांनी जपलेले रसायनशास्त्र आहे.

अशा वस्तूंना संग्रहालयशास्त्रात ‘सजावटीच्या कला’ म्हणतात. चित्र आणि शिल्प यांना ‘ललित कला’. ही विभागणी वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्यामागे बुद्धीचे काम वरचे आणि हाताचे काम खालचे ही जुनी उतरंड आहे, असे माझे मत आहे. ती केवळ आपल्याच देशात होती असेही नाही. लंडनचे साउथ केन्सिंग्टन संग्रहालय (आजचे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट) १८५२ मध्ये स्थापन झाले. आदल्या वर्षीच्या महाप्रदर्शनातून खरेदी केलेल्या वस्तू त्याच्या पायाशी होत्या, आणि भारतीय वस्तूही त्यांत होत्या. जॉन चार्ल्स रॉबिन्सन या अधिकाऱ्याने पुढील दशकात स्पेनमध्ये हिंडून तेथील कलावस्तू त्या संग्रहालयासाठी विकत घेतल्या. त्याच स्पेनमधील तोलेदो शहरात पोलादावर सोन्याची तार बसविण्याची कला आहे. बिदरीची ती दूरची बहीणच. इंग्लंडच्या कारखानदारांना आणि आरेखकांना नमुने मिळावेत, हा या संग्रहालयाचा उघड हेतू होता. म्हणून नक्षी जपली गेली. घडविणाऱ्याचे नाव विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

मांडणीनेही अर्थ बदलतो. बिदरी हुक्क्याचे बूड नळी आणि चिलीम यांविना काचेत उभे केले की ते फुलदाणीसारखे दिसते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात (उद्घाटन १९५१) बिदरीचा मोठा संग्रह आहे; तेथील दालनांत फिरताना संग्राहकाच्या वैभवाने डोळे दिपतात. पुण्यात दिनकर केळकरांनी याउलट दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी, वाद्ये अशा वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि १९६२ मध्ये तो संग्रह समाजाच्या स्वाधीन करण्याचा मार्ग पत्करला. अडकित्ता संग्रहालयात ठेवण्याजोगा आहे, असे ठरविणे हाही इतिहासविषयक निर्णयच होय.

आता तेर येथे येऊ; लातूरहून ते फार दूर नाही. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील बाजारपेठ म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. गावचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेथील पांढरीतून निघणाऱ्या वस्तू जमविल्या, आणि त्यांतूनच तेथील शासकीय संग्रहालय उभे राहिले. वस्तू ज्या मातीतून निघाली त्याच गावात राहिली, हे दुर्मीळ आहे.

तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची आठवण करून देणारी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही तशीच एक मिळाली. पॉम्पेईच्या मूर्तीत वरून पाडलेले छिद्र आहे; ती आरशाची मूठ किंवा चौरंगासारख्या वस्तूचा पाया असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे तीही वापरातलीच वस्तू. तरीही प्रथम तिला ‘लक्ष्मी’ म्हटले गेले, आणि अनेक विद्वान यक्षी म्हणत असूनही ते नाव टिकले. नेपल्सच्या संग्रहालयाने तिला ‘गुप्त दालनात’ ठेवले. एका मुठीची देवता झाली आणि मग ती लपविण्याजोगीही ठरली!

या हस्तिदंतकारांना नावच नव्हते, असे कोणी म्हणेल तर त्याने सांचीला जावे. तेथील महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर, हे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केले, असा लेख आहे. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान नोंदलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भगवंताच्या स्तूपावर राजाच्या नावासोबत कारागिराचे नाव बसू शकत होते. तेरची मूर्ती साधारण त्याच सातवाहन काळातील. तिच्या चिठ्ठीवर मात्र राजवंश येतो, दंतकार येत नाही.

बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. यापुढे त्यांच्या हातची सुरई एखाद्या दालनात गेली तर नाव लिहिण्यास अडचण नाही.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास : घरातील एक जुनी वस्तू निवडा. सूप, विळा, चप्पल, घोंगडी, काहीही चालेल. तिची चिठ्ठी लिहा : वस्तू, माध्यम, वापर, कोठून आली, कोणी घडविली. शेवटच्या रकान्यासाठी आजीला विचारा आणि जे नाव ती सांगेल ते पूर्ण लिहा. ‘अज्ञात’ लिहावे लागले, तर कोणाकोणाला विचारले तेही खाली नोंदवा.