सैनिकाची सेवानोंद आणि राहून गेलेली पदके

ज्या इमारतीच्या नावाने आपला हा परिसर ओळखला जातो, ते खंडेराव मार्केट श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधविले. खंडेराव महाराज १८७० साली निवर्तले. त्यांच्या पश्चात महाराणी जमनाबाईसाहेबांनी १८७५ साली सयाजीरावांस दत्तक घेतले, आणि या दत्तक पुत्राने पित्याचे नाव इमारतीला देऊन ठेवले. आज तेथे महानगरपालिकेची कचेरी आहे, आणि येथल्या भाजी व फुलांच्या बाजारात येणारा प्रत्येकजण ते नाव उच्चारतो. राजाचे नाव असे राहते. शिपायाचे नाव कोठे राहते? ते राहते एका कागदावर, आणि त्या कागदावर जे लिहिले गेले नाही ते काही वर्षांनी घडलेच नाही असे ठरते. म्हणून या कागदाविषयी, म्हणजे सैनिकाच्या सेवानोंदीविषयी, चार गोष्टी या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगण्याचे योजिले आहे.

हा विषय आपल्या घरातला आहे. बडोदे संस्थानाचे स्वतःचे लष्कर होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बडोद्याचे पायदळ मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील करण्यात आले. मराठी मुसलमानांचा संबंध तर त्याहूनही जुना आहे; पहिल्या महायुद्धापूर्वीच्या मराठा पलटणींत मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत. तेव्हा आजोबांची ट्रंक उघडली की तीत रंगीत फीत लावलेले एखादे पदक निघणे आणि त्याची हकीकत कोणालाच सांगता न येणे, हे आपल्या वाड्यांतून व पोळांतून नवल नव्हे.

नोंद म्हणजे काय

शाळेत जसे जनरल रजिस्टर असते, तसे लष्करात प्रत्येक जवानाचे सेवापत्रक असते. त्याला शीट रोल म्हणतात. विद्यार्थ्याचा दाखला जनरल रजिस्टरावरून निघतो. दाखल्यावर खाडाखोड करून काही साधत नाही, आधी रजिस्टर दुरुस्त व्हावे लागते. तसेच येथे आहे. निवृत्तीच्या वेळी जवानाला मिळते ते डिस्चार्ज बुक म्हणजे त्याचा दाखला होय. मूळ नोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावास, महार रेजिमेंटचे सागरला, ग्रेनेडियर्सचे जबलपुरास, बॉम्बे सॅपर्सचे खडकीस, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि ई.एम.ई.चे सिकंदराबादेस आहे.

पलटणीत काही घडले, म्हणजे बदली, बढती, विवाह, पदक, तर पलटणीची कचेरी ‘पार्ट टू ऑर्डर’ काढते आणि त्या आदेशावरून रेकॉर्ड ऑफिस सेवापत्रकात नोंद करते. ही साखळी ध्यानात ठेवावी. पदक राहून गेले असेल तर साखळीची कोणती कडी तुटली हे आधी शोधावयाचे असते. आदेशच निघाला नाही, की आदेश निघाला पण नोंद झाली नाही, की नोंद झाली पण डिस्चार्ज बुकात उतरली नाही? तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत.

दोन प्रकारची पदके

पुष्कळ घोटाळा येथे होतो. शौर्यपदक वेगळे आणि सेवापदक वेगळे. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही शौर्यपदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली व १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. शौर्यपदकासाठी वरिष्ठांची शिफारस लागते, सरकारची मंजुरी लागते आणि ते भारताच्या राजपत्रात जाहीर होते. सेवापदकाचे तसे नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या मुलखात, ठरलेले दिवस जो हजर होता, त्या प्रत्येकाचा त्यावर हक्क असतो.

परमवीर अब्दुल हमीद यांचे उदाहरण घ्या. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या रणात चौथ्या ग्रेनेडियर्सच्या या कंपनी क्वार्टरमास्टर हवालदाराने प्राण दिले, ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या नावावर परमवीर चक्राबरोबर सैन्य सेवा मेडल, समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल हीही आहेत, ते थोड्यांस ठाऊक असते. पहिले त्यांच्या शौर्याचे, बाकीची त्यांच्या हजेरीची. हजेरीची पदके साधी म्हणून कोणी त्यांची चौकशी करीत नाही, आणि नेमकी तीच राहून जातात.

यावरून एक मर्यादाही कळेल. नोंद दुरुस्त करून शौर्यपदक निर्माण करता येत नाही. राजपत्रात जे जाहीर झाले पण सेवापत्रकात उतरले नाही, तेवढेच मागता येते. सेवापदकाच्या बाबतीत मात्र अटी पुऱ्या झाल्याचे दाखविले की पुरे.

हिशेब करून पाहू

समजा, एक जवान जानेवारी १९६३ मध्ये भरती झाला. १९६५ च्या सप्टेंबरात तो पंजाबच्या रणक्षेत्रात होता. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर होता. जानेवारी १९८१ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाला. त्याच्या डिस्चार्ज बुकात तीनच पदके आहेत: रक्षा मेडल, संग्राम मेडल आणि नऊ वर्षांचे दीर्घ सेवा पदक. त्याचा हक्क किती पदकांवर आहे?

समर सेवा स्टार ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात नेमलेल्या रणक्षेत्रात असणाऱ्यांसाठी आहे. तो तेथे होता, म्हणून हक्क आहे. रक्षा मेडल ५ ऑगस्ट १९६५ रोजी सैन्याच्या पटावर असणाऱ्यांसाठी असून त्यास सामान्यतः १८० दिवसांची सेवा लागते, तेही आहे. १९७१ च्या युद्धासाठी पूर्व आघाडीवाल्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवाल्यांना पश्चिमी स्टार, आणि त्या काळातील सेवेबद्दल संग्राम मेडल. म्हणजे पश्चिमी स्टार व संग्राम मेडल ही दोन. १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असणाऱ्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचे पदक मिळाले, तेही त्याचे. नऊ वर्षांचे दीर्घ सेवा पदक आहेच. एकूण सहा झाली. सहातून तीन गेली, राहिली तीन: समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार आणि वर्धापन पदक.

आता घरचे म्हणतील, वीस वर्षांचे दीर्घ सेवा पदकही मागू. ते मागू नये. त्याची सेवा अठरा वर्षांची आहे. जे आपले नाही ते यादीत घातले की जे आपले आहे त्यावरही कारकुनाचा विश्वास राहत नाही. सैन्य सेवा मेडल हेही विशिष्ट दुर्गम प्रदेशातील सेवेसाठी आहे; तेथे तो होता असा कागद असेल तरच मागावे.

नोंद का राहते

कारण बहुधा लबाडी नसून धांदल असते. युद्ध संपले की पलटण हलते, जवान दवाखान्यात असतो, दुसऱ्या तुकडीकडे तात्पुरता दिलेला असतो, आणि पदकांची यादी त्याच्या गैरहजेरीत तयार होते. संस्थानी फौजांचे कागद तर एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेले. १९४७ साली सैन्याची वाटणी झाली तेव्हा बलुच रेजिमेंटसारख्या पलटणी पाकिस्तानकडे गेल्या.

दुसरे कारण नावाचे. आमच्याकडे एकाच माणसाचे नाव महंमद, महमद, मोहम्मद आणि मुहम्मद असे चार प्रकारे लिहिले जाते. शेख कधी नावाच्या आधी येतो, कधी मागे. मराठा घरांतही आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाने कानाला वाटेल तसे लिहिले. म्हणून नावावर विसंबू नये, सैनिक क्रमांकावर विसंबावे. नाव बदलते, क्रमांक सहसा बदलत नाही. १९४७ नंतरच्या भारतीय पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि तुकडी कोरलेली असते. पदक उजेडात धरून कडा वाचावी. पितळेची पॉलिश लावून घासू नये. घासून घासून अक्षरे जातात आणि पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.

अर्ज कसा करावा

प्रथम कागद जमवावे: डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, माजी सैनिकाचे ओळखपत्र, जुनी पत्रे. सैनिक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा. प्रत्येकाची नक्कल काढावी. मूळ कागद टपालाने कधीही पाठवू नये.

मग एका पानाचा अर्ज लिहावा. वर क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी, भरतीची व निवृत्तीची तारीख. खाली प्रत्येक पदकासाठी एक ओळ: पदकाचे नाव, त्या काळात आपण कोठे होतो, आणि ते कोणत्या कागदावरून दिसते. पराक्रमाचे वर्णन नको. अन्यायाची तक्रार नको. रेकॉर्ड ऑफिसातील माणसाला आपली कथा ऐकावयाची नसते, त्याला तारीख जुळवावयाची असते. मूळ पदक हरवले म्हणून दुसरे मागणे आणि नोंद राहिली म्हणून दुरुस्ती मागणे, या दोन बाबी एका अर्जात मिसळू नयेत.

हा अर्ज रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसास पाठवावा. बडोद्यास जिल्हा सैनिक कल्याण व पुनर्वसन कार्यालय आहे. तेथे विचारपूस करून त्यांच्यामार्फत पाठविल्यास सोपे जाते. नोंदीत काय आहे हेच ठाऊक नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून सेवापत्रकाची नक्कल मागता येते, व तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन आहे. नकार आला तर तो लेखी घ्यावा. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले असून गुजरातेतील प्रकरणे त्याच्या मुंबई खंडपीठाकडे जातात. अखेरच्या लेखी हुकमापासून सामान्यतः सहा महिन्यांत तेथे दाद मागावी लागते.

उशीर का करू नये

पेन्शन न मिळता सैन्यातून बाहेर पडलेल्यांचे सेवापत्रक २५ वर्षे ठेवून नष्ट करण्याचा नियम आहे. लाँग रोल नावाची यादी मात्र कायम ठेवतात. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर घरी पाठविलेल्या शिपायाचे सेवापत्रक नव्हे, लाँग रोलचा उतारा मागावा. कागद आगीतही जातात. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बाँब पडून पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांची सुमारे साठ टक्के सेवापत्रके जळाली. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुई येथील दप्तराला आग लागून एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. पण तेथील लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. पगाराची शेवटची पावती, तुकडीचा रोजचा हजेरी अहवाल, अशा दुय्यम कागदांवरून त्यांनी नोंदी पुन्हा उभ्या केल्या. मनिऑर्डरीची पावती किंवा रणभूमीवरून आलेले, तुकडीचा शिक्का असलेले पोस्टकार्ड रद्दीत घालू नये, ते यासाठी.

आणि उशीर झाला तरी आशा सोडू नये. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ई.एम.ई.मधील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कार मागितला, तो मिळाला नाही. पद्मश्री २०१८ मध्ये आली आणि अर्जुन पुरस्कार २०२५ मध्ये. क्रीडेचा सन्मान आणि लष्करी नोंद या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे खरे. पण बोध एकच आहे. शर्यतीच्या निकालात त्यांचे नाव व वेळ छापील होती, म्हणून त्रेपन्न वर्षांनीही कोणाला ती नाकारता आली नाही.

पैशाविषयी

शौर्यपदकांना मासिक भत्ता असतो. १ ऑगस्ट २०१७ पासून तो दुप्पट होऊन वीर चक्रासाठी सात हजार रुपये झाला. सेवापदकांना असा भत्ता नाही. मग एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. वडील कोठे होते हे मुलाला ठाऊक असावे यासाठी. खोटे सांगणाऱ्याला गप्प बसविता यावे आणि खरे सांगणाऱ्याला पुरावा असावा यासाठी. नोंद ही सरकारकडे ठेवलेली आपली अमानत आहे. ती पुरी परत मागणे म्हणजे भीक नव्हे, व जास्त मागणे म्हणजे इमान नव्हे.

ज्या घरी माजी सैनिक हयात आहेत, त्यांनी येत्या रविवारी एवढेच करावे: त्यांच्याजवळ बसून डिस्चार्ज बुक उघडावे, ते कोणत्या साली कोठे होते हे त्यांच्या तोंडून ऐकून वहीत उतरवावे, आणि बुकातील पदकांशी ताडून पाहावे. तारखा सांगणारा माणूस समोर आहे तोवर हे काम तासाभराचे आहे.