कराची नोंद : कोणती खुली, कोणती बंद?

जवळा बाजार (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) हे नावाप्रमाणेच बाजारपेठेचे गाव. अशा गावात घरे आणि दुकाने यांवरील कर हे ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन असते. एखाद्या पक्क्या दुकानाची नोंद कागदोपत्री मातीच्या घराचीच राहिली, तर येणारी तूट दिवाबत्ती व पाणीपुरवठा यांच्या खर्चात जाणवते. म्हणूनच 1960 च्या कर व फी नियमांनी आकारणीची यादी गुप्त ठेवलेली नाही. ती प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. आकारणी नमुना 8 मध्ये, तर मागणी व थकबाकी नमुना 9 मध्ये नोंदलेली असते. आकारणी मान्य नसल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते. शेजाऱ्याची आकारणी पाहणे ही चहाडी समजली जाते. परंतु तुलनेवाचून स्वतःची आकारणी योग्य की अयोग्य हे ठरणार तरी कसे?

सरपंच व सदस्य यांच्या बाबतीत थकबाकीची नोंद अधिक महत्त्वाची ठरते. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 नुसार, कराचे बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत भरणा न करणारी व्यक्ती सदस्य राहण्यास अपात्र ठरते. वाद उद्भवल्यास जिल्हाधिकारी निर्णय देतात. अशा प्रकरणात बिल केव्हा बजावले हाच कळीचा मुद्दा असतो.

आयकराची गोष्ट वेगळी. अकोला येथील भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याची मालमत्ता व आयकर विवरणपत्रे माहिती अधिकारात मागण्यात आली होती. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरण म्हणून ते प्रसिद्ध आहे. 3 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ही माहिती वैयक्तिक असून व्यापक जनहित सिद्ध झाल्याखेरीज ती देता येत नाही. लोकसभा व विधानसभेच्या उमेदवारांना मात्र पाच वर्षांचे विवरणपत्रातील उत्पन्न शपथपत्रात दाखवावे लागते. लोकांची मते मागणाऱ्याकडून अधिक अपेक्षा ठेवणे रास्तच आहे.

2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम 8(1)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो बदल अंमलात आला. वैयक्तिक माहिती नाकारण्याची सूट त्यामुळे अधिक व्यापक झाली. तथापि, जनहित अधिक वजनदार असल्यास माहिती देण्याची मुभा देणारे कलम 8(2) कायम आहे.

तेव्हा सदस्याची थकबाकी मागताना अर्जात कलम 14 व कलम 8(2) यांचा उल्लेख करावा, आणि नमुना 9 च्या उताऱ्याबरोबर बिल बजावणीची नोंदही मागावी. अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत असावा व त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.