जुनं दुखणं डॉक्टरांना कसं सांगावं?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. ते रक्ताच्या तपासणीत मोजता येत नाही, एक्स-रेतही अनेकदा दिसत नाही. डॉक्टरांना ते कळतं ते तुमच्या सांगण्यातूनच. ओपीडीतल्या गर्दीत त्यासाठी मिळतात जेमतेम काही मिनिटं. म्हणून तयारी घरीच करायची.

जवळ ठेवा : छोटी वही, पेन, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं.

कृती

१. दोन आठवडे नोंद ठेवा. रोज रात्री तीनच गोष्टी लिहा : कुठे दुखलं, कशानं वाढलं, कशानं उतरलं. सोबत ० ते १० मधला आकडा टाका. ० म्हणजे दुखणं नाही, १० म्हणजे कल्पनेतलं सर्वांत असह्य दुखणं. बऱ्या दिवसांचे आकडेही प्रामाणिकपणे लिहा. चढउतारातून कारणाचा माग लागू शकतो.

२. नेमका शब्द शोधा. ‘फार दुखतं’ एवढ्यावर थांबू नका. ठणकतं, कळ येते, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात, आखडतं : यातला प्रत्येक शब्द वेगळं काही सांगतो. आग, मुंग्या, विजेसारखा झटका हे नसांच्या दुखण्याकडे बोट दाखवतात आणि त्याची औषधं नेहमीच्या वेदनाशामकांहून वेगळी असतात. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, तर तेही सांगा. ती सांध्यांच्या सुजेची खूण असू शकते.

३. अडलेली कामं सांगा. ‘मांडी घालून बसता येत नाही’, ‘दोन भाकरी थापल्या की मनगट धरतं’, ‘रात्री तीनदा जाग येते’. अशा वाक्यांतून तुमचा दिवस डॉक्टरांना दिसतो.

४. औषधं लपवू नका. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं दाखवा. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, रक्तदाब वाढू शकतो.

५. मुद्द्याचं आधी बोला. सर्वांत जास्त छळणारी गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा. सोबत आलेल्यांनी राहिलेलं आठवून द्यावं. पेशंटच्या वतीनं बोलू नये.

६. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ ऐकून खचू नका. दुखणं खोटं आहे, असा त्याचा अर्थ नाही. शांतपणे विचारा, ‘डॉक्टर, मग हे कशामुळे होत असेल? आता पुढे काय करायचं?’ डॉक्टरांनीही ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढंच बोलून थांबू नये. ‘तुम्हाला दुखतंय, हे मला पटतंय’ एवढं म्हटलं, तरी पेशंट मोकळेपणानं बोलू लागतो.

७. उठण्याआधी उजळणी करा. ‘म्हणजे ही गोळी रात्री जेवणानंतर, व्यायाम रोज, आणि महिन्यानं परत यायचं, बरोबर?’ चुकलं असेल, तर तिथेच दुरुस्त होईल.

८. एक ध्येय ठरवा. दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. पण जिना चढणं, सलग झोप लागणं यांपैकी काय आधी साधायचं, ते दोघांनी मिळून ठरवा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या भेटीत बोलणं तिथूनच सुरू करा.

सावधान : कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद अचानक कमी झाली, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा.