राडारोड्याचे पैसे फेरीवर मोजू नका

सुरतजवळच्या चलथाणसारख्या महामार्गालगतच्या गावात पाडकाम निघालं की राडारोडा उचलायचं काम बिल्डर बाहेरच्या वाहतूकदाराला देतो आणि दर ठरवतो डंपरच्या फेरीवर. दोघांचं बिनसतं ते इथेच, असं माझा अनुभव सांगतो. सुरत महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प कोसाडला, तापीच्या पलीकडे आहे. पैसे फेरीचेच मिळणार असतील तर एवढं डिझेल कोण जाळेल? माल जवळच्या खड्ड्यात किंवा खाडीकाठी ओतला जातो. पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी लिंबायतमध्ये घराघरांत शिरतं, आणि तिथे खानदेशातून आलेली आपली कितीतरी माणसं राहतात. खाडीचं पात्र अरुंद करून वाचवलेलं भाडं शेवटी त्यांच्या माथी बसतं, हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून बिल द्यायचं ते प्रकल्पावरच्या वजनकाट्याची पावती पाहून, आणि साईटवरून निघालेल्या वजनाशी ती जुळली तरच. यावर बिल्डर म्हणतात, ‘ठेका दिला, आता जबाबदारी त्याची.’ पण २०१६च्या केंद्रीय नियमांनीच दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्यावर काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळं करण्याचं बंधन घातलं. ही वर्गवारी डंपरमध्ये होत नाही, ती पाडण्याच्या क्रमात होते: आधी दारं-खिडक्या, पाइप, वायरी, मग भार न पेलणाऱ्या विटांच्या भिंती, शेवटी स्लॅब. आयएस ३८३ या मानकानुसार एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत पुनर्वापराची काँक्रीट खडी चालते, पण प्लास्टर-माती मिसळलेल्या ढिगातून तशी खडी निघणार कशी? त्यामुळे पाडकामाचा आराखडा ठरतानाच वाहतूकदाराला बोलवा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. सळई आधीच भंगारात विकली जाते आणि वाहतूकदाराच्या वाट्याला नुसतं ओझं उरतं. सळईच्या पैशातला ठरलेला वाटा वाहतुकीसाठी राखून ठेवला, तर दर वाढवून मागायचं त्याचं निम्मं कारण संपतं. साईट तयार नसल्याने डंपर ताटकळला तर त्याचं भाडं बिल्डरने द्यावं, डंपर आलाच नाही तर वाहतूकदाराने भुर्दंड सोसावा.

छोट्या बिल्डरला हे परवडत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. एका बंगल्याच्या पाडकामासाठी कोसाडची खेप महागच पडते. अशा चार-पाच साईटींनी मिळून एक कुंपण घातलेली जागा भाड्याने घ्यावी, माल तिथे वेगवेगळा साठवावा आणि डंपर भरेल तेव्हाच पाठवावा.