चाफा मेला नाही, झोपला आहे

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीतल्या चाफ्याची सगळी पानं डिसेंबरपासून गळली. रोज पाणी घालते, खतही दिलं, तरी नुसत्या काड्या उभ्या आहेत. शेजारचा मोगराही मरगळलाय. दोन्ही काढून टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच काढू नका! देवचाफा थंडीत पानं टाकून विश्रांती घेतो. तो आजार नव्हे, त्याचा स्वभावच आहे. खरा धोका रोजच्या पाण्याचा. पानं नसताना झाड पाणी फारसं ओढत नाही, माती ओली राहते आणि मुळं कुजतात. फांदी दाबून पाहा. टणक असेल आणि नखाने खरवडल्यावर आत हिरवं दिसलं, तर झाड जिवंत आहे. मऊ लागली तर निरोगी भागापर्यंत कापा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. बोटभर खोल माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको आणि नवे कोंब दिसेपर्यंत खतही नको.

मोगऱ्याचं वेगळं. त्याला आत्ता, फेब्रुवारीत, कात्री लावाच. कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून फांद्या एक तृतीयांश छाटा, जुनी पानं खुडा. हात कचरतो, ठाऊक आहे मला. पण उन्हाळ्यातली फुलं या छाटणीतूनच येतात. वरची दोन इंच माती काढून तिथे पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. ताजं शेण नको, मुळं पोळतात. कुंडी भरपूर उन्हात ठेवा. मार्चमध्ये मातीवर वाळका पाचोळा पसरलात, तर ओल टिकेल.