रविवारचा तास, दादा-ताईंचा

प्रश्न : माझा भाचा बॉस्टनला शिकतो. तिथे विद्यापीठातली मुलं एका शनिवार-रविवारी शाळकरी मुलांना बोलावतात आणि मनाला येईल तो विषय शिकवतात, असं तो सांगत होता. माझी मुलगी नववीत आहे, ती ऐकूनच खूश झाली. मला मात्र प्रश्न पडला, की विशीतली पोरं शिकवणार ती काय? आणि आपल्याकडे असं काही असतं का?
— एक पालक, खारेगाव, कळवा

उत्तर : भाच्याने थाप मारलेली नाही. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी 1957 साली 'एज्युकेशनल स्टडीज प्रोग्राम' नावाचं मंडळ काढलं आणि 1988पासून ते 'स्प्लॅश' भरवतात. नोव्हेंबरातला शनिवार-रविवार, सातवीपासून बारावीपर्यंतची मुलं आणि शेकड्यांनी वर्ग. विषय शिकवणाऱ्याने निवडायचा, वर्ग शिकणाऱ्याने. परीक्षा नाही, गृहपाठ नाही, मार्कांचा तर प्रश्नच नाही. पुढे स्टॅनफर्डसारख्या इतर विद्यापीठांतल्या मुलांनीही हे उचललं.

विशीतली पोरं काय शिकवणार, ही तुमची शंका रास्त आहे. ती अख्खा अभ्यासक्रम शिकवू शकणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. पण आपण स्वतः कुठे अडलो होतो, हे त्यांना अजून आठवतं. वीस वर्षं तोच धडा शिकवलेल्या माणसाला ते आठवेलच असं नाही. शिवाय विषय कुणी लादलेला नसल्याने शिकवणाराही रंगतो. काही वर्ग फसतील. एखादा दादा तासभर भिंतीवरच्या स्लाइड वाचून दाखवेल आणि मुलं जांभया देतील. देऊ देत. गेला तर एक तास जाईल, वर्षाची फी नाही.

कळव्यात हे कसं दिसेल ते पाहा. तुमच्या जवळच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे आणि त्याला जोडून 1992 साली सुरू झालेलं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. समजा तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एका ताईने मटणवाल्याकडून बोकडाचं हृदय आणलं, महाधमनी शाबूत ठेवून. ते उभं धरायचं आणि महाधमनीत वरून पाणी ओतायचं. पाणी खाली हृदयात उतरत नाही, वरच थांबतं, कारण आतल्या झडपेच्या तीन पाकळ्या फुगून एकमेकींना चिकटतात. मग बोट घालून पाकळी बाजूला सारायची, की पाणी भसकन खाली. पुस्तकातली झडपेची आकृती सगळ्यांनी काढलेली असते, पण झडप काम करताना फार थोड्यांनी पाहिलेली असते. (शाकाहारी घरातल्या मुलांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर सोमवारी तुमच्याच दारात तक्रार येईल.)

स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलाला तर विषय शोधायलाही जावं लागणार नाही. कल्याणपर्यंतची रेल्वे 1854 साली आली ती इथल्या पारसिकच्या डोंगराला वळसा घालून. त्याच डोंगरातून थेट जाणारा, सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा उघडला तो 1916 साली. बोगद्याची किंमत मोठी की रोजच्या वळशाची, हा हिशेब नववीच्या गणितात बसतो. खाडीकाठच्या तिवरांची मुळं चिखलातून वर का येतात, हे जीवशास्त्राची कुणी मुलगी भरती-ओहोटीची वेळ बघून जागेवरच दाखवील.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे हे परदेशातून यायची गरज नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी 1848 सालीच साहित्य आणि शास्त्र यांसाठी स्वतःची सभा काढली. तिच्याच मराठी शाखेला, ज्ञानप्रसारक सभेला, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांसारखा अध्यक्ष लाभला. 1849च्या ऑक्टोबरात या तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि स्वतःच बिनपगारी शिकवायला उभे राहिले. सुरुवातीला 44 पारशी आणि 24 हिंदू मुली आल्या. पुढाकार घेणाऱ्यांतले दादाभाई नौरोजी तेव्हा 24 वर्षांचे होते. ते वर्ग छंदाचे नव्हते, अक्षरओळखीपासूनचे होते, आणि समाजाचा रोषही होताच. तरीही कॉलेजातल्या पोरांनी शाळकरी मुलींना शिकवावं, ही गोष्ट या मुंबईत पावणेदोनशे वर्षांपूर्वी झाली.

अलीकडचं सांगायचं तर जयंत नारळीकरांनी उभारलेल्या पुण्यातल्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेचं. तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांच्या आठवडाभराच्या तुकड्या असत. चार-सहा मुलं एका मार्गदर्शकाकडे, ठरलेला अभ्यासक्रम नाही, आणि मार्गदर्शकांत पीएचडी करणारे विद्यार्थीही. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेसोबत 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, तिथे वस्त्यांमधली किशोरवयीन मुलं आपली नाटुकली आपणच बसवतात. तोही याच गोत्रातला.

मग कळव्यात अडतं कुठे? माझ्या मते पैशावर नाही. नववीचा रविवार क्लासच्या टेस्ट सिरीजने आधीच घेतलेला असतो, आणि आपण पालकच तो देऊन बसलेलो असतो. शिकवणारे मिळतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एनएसएसच्या स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करायचं असतं. त्यातले बरेच तास रॅलीत फलक धरण्यात जातात. दहा-वीस तास अशा वर्गांना दिले तर कुणाचं काही बिघडणार नाही.

करायचंच झालं तर सोसायटीचा हॉल किंवा रविवारी रिकामी असलेली शाळा पुरे. एका वेळी तीन-चार वर्ग, प्रत्येकी 50 मिनिटं, प्रत्येक वर्गात दोन शिकवणारे, दार उघडं आणि बाहेर एक मोठं माणूस. वर्ग मुलांनाच निवडू द्या. 'माझ्या मुलीला गणितालाच बसवा' असं म्हणणाऱ्या पालकांना चहा द्या आणि घरी पाठवा. तारीख ठरवताना मात्र मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा. गाड्या फास्ट ट्रॅकवर वळवल्या, की कळव्याला थांबत नाहीत, आणि शिकवणारे ठाण्यातच अडकतात.

जवळच्या कॉलेजात जून-जुलैमध्ये एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. वर्षाचा आराखडा तेव्हाच ठरत असतो, नंतर गेलात तर काम पुढच्या वर्षावर जाईल. जाताना मुलीला बरोबर न्या, आणि काय शिकायचंय ते तिलाच सांगू द्या.