एकट्याचा प्रवास : स्वावलंबनाचा पहिला पाठ

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे याच गाडीने खेड्यातील मुलांना तालुक्याच्या शाळेची वाट मोकळी करून दिली. बौद्धिक दिव्यांग मुलांपैकी अनेकांना मात्र ही वाट आजही एकट्याने आक्रमिता येत नाही. मुलगा काम शिकण्यास समर्थ असतो, तालुक्याला प्रशिक्षणाची सोय असते, गाडीही गावावरून जाते. परंतु त्याला पोहोचविण्यासाठी आईला रोजची मजुरी बुडवावी लागते. अशा वेळी मजुरी सोडणे परवडत नाही, प्रशिक्षणच सुटते.

‘वाचता येत नाही, तो एकटा कसा जाईल?’ ही पालकांची शंका मायेपोटीच असते. तथापि एकट्याने प्रवास करणे ही उपजत देणगी नव्हे. ते शिकविता येण्याजोगे कौशल्य आहे.

एकच मार्ग, लहान टप्पे

आरंभी घर ते प्रशिक्षण केंद्र एवढा एकच मार्ग घ्यावा. रस्ता ओलांडणे, थांब्यावर उभे राहणे, गाडी ओळखणे, तिकीट घेणे, उतरण्याची खूण ओळखणे असे त्याचे टप्पे पाडावेत व प्रत्येकाचा स्वतंत्र सराव घ्यावा. ज्यास वाचता येत नाही, त्याला गावाचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा द्यावा. पुठ्ठ्यावरील अक्षरे गाडीच्या पाटीशी जुळवून पाहणे त्याला सरावाने साधते. तोच पुठ्ठा वाहकाला दाखविला की तिकीटही मिळते. पूल, देऊळ, पाण्याची टाकी अशा ठळक खुणा क्रमाने पाठ करून घ्याव्यात. गाडी पूर्ण थांबल्यावाचून चढू वा उतरू नये आणि उतरल्यावर ती निघून गेल्याखेरीज रस्ता ओलांडू नये, हे दोन नियम प्रत्यक्ष कृतीतून अंगवळणी पाडावेत.

हात सोडण्याचा क्रम

प्रथम शिक्षकाने वा पालकाने शेजारी बसावे. काही दिवसांनी मागच्या आसनावर बसून केवळ लक्ष ठेवावे. त्यानंतर एकाने गाडीत बसवून द्यावे व दुसऱ्याने उतरण्याच्या ठिकाणी थांबावे. शेवटी मुलाने एकट्याने जावे. एक टप्पा पुनःपुन्हा निर्वेध पार पडल्याशिवाय पुढचा घेऊ नये. उलटपक्षी, टप्पा साधल्यावरही हात धरून ठेवणे हे मुलाचे शिकणे थांबविण्यासारखेच आहे.

चुकण्याचाही सराव

खरी परीक्षा गाडी चुकते त्या दिवशी असते. म्हणून शिक्षकाने सोबत असतानाच एकदा मुद्दाम पुढच्या थांब्यापर्यंत जाऊ द्यावे. घाबरून धावू नये, वाहकाला सांगावे, बसस्थानकावर चौकशी खिडकीशी जावे, खिशातील दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी तेथेच दाखवावी, हे त्या वेळी करून घ्यावे. अनोळखी माणसाच्या वाहनावर बसू नये. कोणी अंगाला हात लावल्यास मोठ्याने ‘नको’ म्हणून वाहकाजवळ जावे, हेही तितक्याच स्पष्टपणे शिकवावे. संकटसमयी ११२ हा क्रमांक लावण्याचा सराव असावा.

गावाचा वाटा

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने वाहतुकीच्या सोयी दिव्यांगांसाठी सुगम करण्याची जबाबदारी शासनावर सोपविली आहे. ती पार पाडण्यास गावाचाही हातभार लागतो. थांब्यावर दिवा व निवारा असणे, गावाच्या नावाची पाटी स्वच्छ राखणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. मुलाची ओळख वाहकाला व थांब्याजवळच्या दुकानदाराला करून देण्यास तर खर्चही येत नाही. आगारप्रमुखांनी गाडीची पाटी ठळक व योग्य जागी असेल याची दक्षता घ्यावी.

मुलगा सायंकाळी एकटा गाडीतून उतरून घरी येतो, त्या दिवशी आईचीही मजुरी बुडालेली नसते. एका प्रवासाने दोन माणसे स्वावलंबी होतात, हे ध्यानी घेऊन शाळांनी या शिक्षणास वेळापत्रकात स्थान देणे अगत्याचे आहे.